माग : नववी 'ब'च्या प्रकल्प नोंदी, सोलापूर

२८ जून २०२५, शनिवार

मोठ्या बाईंनी अखेर शनिवारचे शेवटचे दोन तास दिले. अट एकच, वर्गात मोबाईल दिसता कामा नये. म्हणजे मोबाईलवर जे येतं त्याचा प्रकल्प, पण मोबाईलशिवाय. पोहायला शिकवा, विहिरीत मात्र उतरायचं नाही. असू दे. संगणक कक्षात आठ यंत्रं आहेत, तीन चालतात, इंटरनेट एकावर येतं. प्रोजेक्टर वीस मिनिटांत तापून बंद पडतो. शिवाय माझा फोन, फळा आणि रद्दी.

हे डोक्यात का आलं ते लिहून ठेवते. दहावीच्या इतिहासात 'प्रसारमाध्यमे आणि इतिहास' हा पाठ मी दरवर्षी शिकवते. हिकीचं 'बेंगॉल गॅझेट' १७८०, बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' १८३२, हे मुलं घडाघडा सांगतात. आणि त्याच संध्याकाळी 'हा मेसेज अकरा जणांना पाठवा, रात्रीपर्यंत चांगली बातमी येईल' हा मेसेज मलाच पाठवतात. दहावीत वेळ नसतो म्हणून नववी.

आज नुसती ओळख. फळ्यावर 'माध्यम व माहिती साक्षरता' लिहिलं तर सगळ्यांचे चेहरे जलसुरक्षेच्या तासाला होतात तसे झाले. पुसून टाकलं. त्याऐवजी विचारलं, घरी बातमी कुठून कळते? पेपर फार थोड्या घरांत. टीव्ही, रील, व्हॉट्सअ‍ॅप, आणि 'शेजारची मावशी'. एका मुलीचं उत्तर मला नवं होतं. "बाई, आमच्यात तेलुगूत येतंय. पण आई-पप्पांना तेलुगू वाचता येत नाही, बोलताच येतंय. मग ते ऐकतेत."

शहराच्या पूर्वभागातल्या, तेलुगू विणकरांच्या वस्तीतल्या, किती घरांत हे असेल! घरात तेलुगू, शाळा मराठीतून झालेली, तेलुगू लिपी कधी शिकलेलीच नाही. मग आवाजी मेसेज आणि व्हिडिओ हाच त्यांचा पेपर. मी जमवलेले सगळे नमुने छापील मराठीतले. पहिल्याच दिवशी अर्धी तयारी बाद.

५ जुलै, शनिवार

आजचा तास फसला. नीट लिहून ठेवायला हवं.

'खोटी बातमी कशी ओळखाल' असा तक्ता केला होता. भडक मथळा, शुद्धलेखनाच्या चुका, 'ताबडतोब पाठवा' वगैरे सात खुणा. मग दहा मजकूर वाचून दाखवले. खरं वाटलं तर अंगठा वर, खोटं वाटलं तर खाली. तिसऱ्या मजकुरापर्यंत मुलांना खेळ कळला. बाई खोट्या बातम्या शिकवायलेत, म्हणजे सगळं खोटंच असणार. मग सरसकट अंगठे खाली.

सहावा मजकूर होता, 'सोलापूर जिल्ह्यातल्या झेडपी शाळेतल्या गुरुजींना सात कोटींचं बक्षीस मिळालं आणि त्यांनी त्यातलं निम्मं वाटून टाकलं.' हशा पिकला. "निम्मं कोण वाटतंय ओ बाई!" वर्गातला एकही अंगठा वर नाही. परितेवाडीचे रणजितसिंह डिसले. २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ, दहा लाख डॉलर, आणि निम्मी रक्कम उरलेल्या नऊ अंतिम स्पर्धकांत वाटली. आपल्या जिल्ह्यातली, झेडपीच्या शाळेतली, पक्की खरी गोष्ट, आणि माझ्या वर्गाने ती हसून उडवली.

याच्या उलट दहावा मजकूर. 'युनेस्कोने जन गण मन हे जगातलं सर्वोत्तम राष्ट्रगीत म्हणून जाहीर केलं.' इथे मात्र सगळे अंगठे वर. हा मेसेज २००८ च्या आसपास ई-मेलवर फिरायला लागला, युनेस्कोने तेव्हाच असं काही जाहीर केलं नसल्याचं सांगितलं, तरी तो दर १५ ऑगस्टला नव्याने उगवतो. एक मुलगा नंतर जवळ येऊन म्हणाला, "मला वाटलंच होतं बाई खोटं असंल. पण अंगठा खाली केला असता तर पोरं मला काय म्हटली असती?"

म्हणजे सात खुणांचा तक्ता दोन्हीकडून पडला. जे आवडतं त्याला खुणा लावल्या जात नाहीत. जे आवडत नाही त्याला खुणा लावायची गरजच पडत नाही. आणि 'सगळंच खोटं असतंय' म्हणणारं पोर हुशार दिसतं, वर त्याला काही शोधावंही लागत नाही. असली चाळीस पोरं मी तयार केली तर मोठ्या बाईंनी हे तास काढून घेतले तरी माझी तक्रार नाही.

तक्ता काढला. मागची बाजू कोरी आहे, ती वापरीन.

१२ जुलै, शनिवार

आज रद्दी. ज्यांच्याकडे पेपर येत नाही त्यांनी किराणा दुकानातून, वडापावच्या गाड्यावरून, जिथून मिळेल तिथून एक पेपर आणायचा होता. मराठी तर होतेच, कन्नड दोन, उर्दू एक, तेलुगू एक आला. (तेलुगूवाल्या पेपरात मिरच्या बांधलेल्या होत्या, अर्धा वर्ग शिंकत होता.)

काम एकच दिलं. या पानांवर सगळ्यात लहान अक्षरांत काय छापलंय ते शोधा. शेवटच्या पानाच्या तळाशी ती ओळ असते. मुद्रक कोण, प्रकाशक कोण, संपादक कोण, कुठल्या पत्त्यावर छापलं, नोंदणी क्रमांक काय. मी तिला प्रिंटलाइन म्हणते, माझ्या माहितीतले निवृत्त मुद्रितशोधकही तेच म्हणतात. ही छापण्याची सक्ती १८६७ च्या कायद्याने आली. आता त्या जागी २०२३ चा कायदा आहे, तरी ती ओळ आहेच. उर्दू पेपरातली ओळ वाचून दाखवणाऱ्या मुलाला आयुष्यात पहिल्यांदा वर्गाने टाळ्या दिल्या असाव्यात.

मग विचारलं, इंग्रजांना ही ओळ कशाला हवी होती? "पकडायला!" बरोबर. आणि आपल्याला कशाला हवी? थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग मागच्या बाकावरून, "पकडायलाच की." वाचकालाही पकडता यायला हवं. चुकलं तर कुणाच्या दारात जायचं ते त्या ओळीत लिहिलेलं असतं. आता कालचा फॉरवर्ड आठवा. त्याच्या तळाशी काय होतं? 'जनहितार्थ जारी.'

याच तासाला प्रकल्पाला नाव मिळालं, आणि ते माझं नाही. मी म्हणाले, मेसेजवरून मागे मागे जायचं, तो कुठून निघाला ते शोधायचं, म्हणजे माग काढायचा. 'माग' म्हटल्यावर वर्गात खसखस. निम्म्यांच्या घरात माग म्हणजे यंत्रमाग. एक मुलगा, ज्याचे वडील मागावर आहेत, उभा राहिला. "बाई, धागा तुटला की आमचे पप्पा कापडात शोधत बसत नाहीत. फणीच्या मागं जातेत, बीमकडून, म्हणजे मागच्या धाग्याच्या रुळाकडून, टोक धरून आणतेत. कापडाकडं बघून कळतच नसतंय कुठला तुटला ते."

मी खडू खाली ठेवला. तीन आठवडे मी पोरांना कापड बघायला शिकवत होते.

२६ जुलै, शनिवार

राईनपाड्याबद्दल बोलायचं की नाही यावर मी आठवडाभर अडले होते. बोलले.

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा, आठवडी बाजाराचा दिवस. भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने मारून टाकलं. त्यांतले बहुतेक आपल्या मंगळवेढा तालुक्यातले. त्या काळात मुलं पळवणाऱ्या टोळ्यांचे मेसेज राज्यभर, देशभर फिरत होते. ही मुलं तेव्हा सात वर्षांची. एकीला आठवत होतं की त्या उन्हाळ्यात आजीने तिला अंगणात खेळू दिलं नव्हतं. आजीचं गाव मंगळवेढ्याकडचंच. म्हणजे ज्या तालुक्यात पोरं घरात कोंडली गेली, त्याच तालुक्यातली माणसं दुसरीकडे पोरं पळवणारी ठरली. हे वाक्य मी नाही बोलले, तिनेच हळूहळू जोडलं.

त्या दिवसांत जो व्हिडिओ सगळ्यात जास्त फिरला त्याचा माग सांगितला. मोटारसायकलवरचे दोघे रस्त्यात खेळणारं पोर उचलून नेतात. तो व्हिडिओ कराचीचा. तिथल्या एका संस्थेने हरवलेल्या मुलांबद्दल पालकांनी जागं राहावं म्हणून केलेली ती जाहिरात होती. मूळ व्हिडिओत ते दोघे परत येतात, पोर सोडतात आणि फलक दाखवतात. इकडे फिरला त्यात शेवट कापलेला. खोटं काहीच जोडलं नव्हतं. नुसतं कापलं होतं.

जुलै २०१८ मध्येच व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली, आणि 'फॉरवर्डेड' हा शिक्काही तेव्हाचाच. दोन बाणांची खूण पुढच्या वर्षी आली. पाच किंवा जास्त हातांतून आलेल्या मेसेजवर ती दिसते आणि २०२० पासून तसा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. मुलांना दोन बाण माहीत होते. त्यांना वाटायचं, दोन बाण म्हणजे महत्त्वाचा मेसेज.

मग प्रयोग. शाळेच्या मामांना, म्हणजे आमच्या शिपायांना, विनंती केली. एक पोरगं व्हरांड्यात दप्तर ठेवून नळावर जातं, मामा दप्तर उचलतात, इकडेतिकडे बघतात, चालू लागतात, आणि ते पोराच्या हातात नेऊन देतात. माझ्या फोनवर वीस सेकंदांचं चित्रण. शेवटची सात सेकंदं कापली. मामा चोर. वर्ग थक्क. मामा स्वतःच जास्त हसले. तास इतका रंगला की मी घरी येईपर्यंत खुशीत होते.

२ ऑगस्ट, शनिवार

खुशी मंगळवारपर्यंत टिकली.

कापलेला तुकडा मी संगणक कक्षातल्या यंत्रावर ठेवला होता. तिथून तो कुणीतरी पेनड्राइव्हवर नेला आणि घरच्या फोनवरून स्टेटसला टाकला. 'आमच्या शाळेत चोर सापडला' आणि हसऱ्या चेहऱ्यांची रांग. मुलाच्या मते गंमतच. सोमवारी रात्री तो मामांच्या मुलीपर्यंत पोचला, ती अक्कलकोटला दिली आहे. तिच्या सासरी कुणीतरी दाखवला. ती रडत रडत बापाला फोन करत होती.

मामांनी मला काही बोलून दाखवलं नाही. नुसतं म्हणाले, "बाई, माझी पोरगी म्हणायली, अण्णा काय केलाव तुम्ही?" बावीस वर्षं या शाळेत आहेत.

मी अक्कलकोटला फोन केला, तिच्या सासूबाईंशी बोलले, पूर्ण व्हिडिओ पाठवला. मोठ्या बाईंकडे लेखी दिलं की चूक माझी. ज्याने टाकला त्याचं नाव त्यांनी मागितलं, मी दिलं नाही. यावरून आमचं थोडं वाजलं. आज तो मुलगा आपणहून उभा राहिला.

मग आजच्या तासाला दुसरा नमुना कशाला शोधायचा? त्यालाच फळ्यावर बोलावलं. पहिलं वर्तुळ त्याचं स्टेटस. तिथून कुणी उचललं? मावसभाऊ. त्याने कुठे टाकलं? गल्लीच्या ग्रुपवर. तिथून? चार हात सापडले, पुढे धागा तुटला, अक्कलकोटला तो परत दिसला. मधले हात कुणाचे ते कळलं नाही. वाटेत मजकूरही बदलला होता. 'आमच्या शाळेत' होतं त्याचं 'सोलापुरातल्या शाळेत, पालकांनो सावधान' झालं होतं. हा 'सावधान' कुणी घातला? कुणीच कबूल होईना. बहुतेक खरंच कुणाला आठवत नसेल.

खरा व्हिडिओ आम्ही त्याच वाटेने परत पाठवला. गल्लीच्या ग्रुपवर तो दोघांनी पाहिला. एकाने विचारलं, 'यात काय आहे?'

पुढच्या वेळेसाठी : कापलेले नमुने यंत्रावर ठेवायचे नाहीत. जिवंत माणसाला चोर करायचं नाही, त्याने हो म्हटलं तरी.

२३ ऑगस्ट, शनिवार

थोडक्यात. संगणकावर एक-एक गट. चित्रावरून शोध कसा घ्यायचा ते सिद्धेश्वर कारखान्याच्या चिमणीवरून शिकवलं. पडणाऱ्या चिमणीचा फोटो दिला, तारीख काढायला सांगितली. १५ जून २०२३, विमानतळाला अडथळा म्हणून पाडली. शोध घेण्याआधीच निम्म्यांनी तारीख सांगितली. इथे प्रत्येकाच्या गच्चीवरून ती दिसायची. एकाने मात्र चांगला प्रश्न विचारला, "बाई, हाच फोटो कुणी तुर्कस्तानचा भूकंप म्हणून तिकडच्यांना पाठवला तर त्यांना कसं कळंल?" आपल्याला परक्या गावाचा फोटो ओळखता येत नाही, तसं परक्यांना आपला. तिथे चित्रशोध लागतो. घरच्या फोटोला डोळे पुरतात.

दुसरं काम, अनोळखी संकेतस्थळ. मुलं त्या पानावरच खाली-वर फिरत राहतात, मांडणी बघतात, 'आमच्याविषयी' वाचतात. २०१७ मध्ये स्टॅनफर्डच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी ४५ जणांना असंच बसवलं होतं. १० इतिहासकार, १० तथ्य तपासणारे, २५ विद्यार्थी. तपासणारे पान उघडताच ते सोडून बाहेर पडायचे आणि त्या संस्थेबद्दल इतर काय म्हणतात ते आधी बघायचे. इतिहासकार पानावरच रेंगाळले आणि बरेच फसले. इतिहासाची बाई म्हणून हे वाचताना मला झोंबलं होतं. मुलांना फक्त एवढंच सांगितलं, मुलगी बघायला गेल्यावर चौकशी त्या घरात बसून करतात का? शेजारीपाजारी करतात. लगेच कळलं.

२७ सप्टेंबर, शनिवार

सीनेचा पूर. माढा, मोहोळकडची गावं पाण्यात, वर्गातल्या चौघांचे नातेवाईक तिकडे. या आठवड्यात प्रकल्प वगैरे काही सुचत नव्हतं, पण फोनच थांबेना.

बुधवारी एक आवाजी मेसेज आला. उजनी धरणाला भगदाड पडलंय, त्याचं पाणी सीनेत आलंय, रात्रीत शहरात शिरणार. सोबत कुठलासा पाण्याचा लोंढा. नववी 'ब'तल्या एका मुलीने मला फोन केला. घाबरून नाही. "बाई, उजनी भीमेवर आहे ना? सीना पुढं जाऊन भीमेला मिळती. मग उजनीचं पाणी उलटं सीनेत कसं चढंल?" पाणी येत होतं ते वरून, सीना-कोळेगावकडून, परंड्याकडच्या प्रकल्पांतून. तिने भूगोलाच्या नकाशावर बोट ठेवून आईला दाखवलं, मग शेजारी दाखवलं. चित्रशोध नाही, काही नाही. नकाशा.

आता दुसरी बाजू. त्याच रात्री शाळेच्या ग्रुपवर मी निरोप टाकला, उद्या शाळेला सुट्टी. सकाळी मामांचा फोन. तीन मुलं पावसात फाटकाशी उभी. "मेसेज खोटा वाटला म्हणतेत बाई." का? घाईत मी दुसऱ्या बाईंच्या मेसेजवरून तो पुढे ढकलला होता, त्यावर 'फॉरवर्डेड' आलं होतं, शेवटी दोन उद्गारचिन्हं होती, सही नव्हती. मीच शिकवलेल्या सगळ्या खुणा. पोरं नखशिखांत भिजलेली आणि चेहऱ्यावर कसला तो विजय!

तिघांना विचारलं, मला एक फोन का नाही केलात? "शोध घ्यायचा असतो ना बाई." अरे, पण ज्याने निरोप पाठवलाय त्यालाच विचारणं हा शोध नव्हे का? हे मी कधी सांगितलंच नव्हतं. पाच जुलैचा तास अजून वर्गात शिल्लक आहे. तेव्हापासून माझे सगळे निरोप स्वतः लिहिलेले, खाली नाव आणि वेळ.

११ ऑक्टोबर, शनिवार

सुट्टीच्या आधीचा तास. 'दिवाळीच्या रात्री नासाने टिपलेला भारत' हे चित्र. रंगीबेरंगी दिव्यांचा नकाशा, दरवर्षी येतो. प्रत्यक्षात तो एका रात्रीचा फोटोच नाही. १९९२ ते २००३ या काळातल्या उपग्रहांच्या नोंदी एकावर एक ठेवून केलेलं चित्र आहे आणि रंग म्हणजे कुठल्या काळात दिवे वाढले त्याची खूण. जुने दिवे पांढरे, नंतरचे निळे, हिरवे, २००३ चे लाल. एक जण म्हणाला, खरं आहे ते तर खोट्यापेक्षा भारी आहे की. मान्य.

सुट्टीतलं काम : घरच्या ग्रुपवर आलेल्या एका मेसेजचा माग काढायचा आणि घरातल्या मोठ्यांना सांगायचा.

८ नोव्हेंबर, शनिवार

माग बहुतेकांनी काढले. सांगण्यात सगळे आपटले. एकाने काकांच्या मेसेजखाली सगळ्या खानदानासमोर 'हे फेक आहे' लिहिलं. काका ग्रुप सोडून गेले, भाऊबीजेलाही आले नाहीत. एकीचे आजोबा म्हणाले, "आम्हाला शिकवू नकोस." एकीच्या आईने मात्र ऐकलं आणि वर विचारलं, "मग मी विश्वास कुणावर ठेवू ते सांग." तिच्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही तिथल्या तिथे नव्हतं.

आजचा सगळा तास वाक्यं घडवण्यात गेला. नियम मुलांनीच केले. ग्रुपवर बोलायचं नाही, एकट्याला गाठायचं. 'खोटं' हा शब्द वापरायचा नाही. आधी विचारायचं, "आजोबा, हे तुम्हाला कुणी पाठवलं?" म्हणजे निदान आजोबांवर येत नाही. मग फळ्यावर दोघा-दोघांची नाटुकली. आजोबा झालेल्या पोराने अशी काही आजोबागिरी केली की नातू झालेली मुलगी खरोखर चिडली.

त्या आईच्या प्रश्नावर घरी बसून विचार केला. पुढच्या तासापासून प्रत्येक खोट्यामागे एक खरं, आणि ते खरं कशावरून ठरलं तेही. प्रमाण अर्ध-अर्धं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

फसवणुकीचे मेसेज. 'आज रात्री साडेनऊला तुमची वीज कापली जाईल, या नंबरवर फोन करा.' वर्गातल्या एकाच्या वडिलांचे पैसे असेच गेले होते, त्याने परवानगी दिली म्हणून घेतलं. तो मेसेज साध्या दहा आकडी मोबाईलवरून आला होता. नोंदणी केलेल्या संस्थांचे एसएमएस अक्षरी नावाने येतात आणि यंदा मे महिन्यापासून त्या नावाच्या शेवटी एक अक्षर असतं. जाहिरात असेल तर पी, सेवा एस, व्यवहार टी, सरकारी जी. मुलांनी घरी जाऊन पालकांच्या फोनात ही अक्षरं मोजायची आहेत.

पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन. हा आकडा पाठ करून घ्यावा लागला नाही. इंग्रजांनी सोलापुरात मार्शल लॉ लावला ते साल! मे १९३० चं सोलापूर इथल्या पोरांना दरवर्षी सांगितलं जातं. फसवणुकीचा नंबर देशात सगळीकडे हाच आहे, पण तो लक्षात ठेवणं सोलापूरइतकं कुणाला सोपं नसेल.

१३ डिसेंबर, शनिवार

यंत्राने बनवलेली चित्रं आणि आवाज. बोटं मोजा ही युक्ती मी मागच्या वर्षी कुठेतरी ऐकली होती, आता बोटं बरोबर येतात. वर्गाने मला दहापैकी सहा वेळा हरवलं. आता चित्राकडे टक लावून बघण्यात राम नाही, पुन्हा बीमकडेच जायचं. आवाजासाठी एका मुलीने घरात सांकेतिक शब्द ठरवलाय, पैसे मागणारा फोन आला की तो विचारायचा. शब्द काय ते तिने मलाही सांगितलं नाही. पूर्ण गुण.

६ जानेवारी २०२६, मंगळवार

'दर्पण'चा पहिला अंक १८३२ साली याच दिवशी निघाला, म्हणून हा पत्रकार दिन. शनिवार नसूनही एक तास मागून घेतला. नववी 'ब'चं भित्तिपत्रक लागलं. नाव 'माग'. तक्त्याची कोरी बाजू अखेर कामी आली. मजकूर मराठीत, एक कोपरा तेलुगू मजकुराचा, पण देवनागरी लिपीत, घरी वाचून दाखवता यावा म्हणून. ती युक्ती पहिल्या दिवशी 'ऐकतेत' म्हणालेल्या मुलीची. तळाशी प्रिंटलाइन, संपादक तिघे, ठिकाण नववी 'ब', आणि 'चूक आढळल्यास मधल्या सुट्टीत भेटा'.

मधल्या सुट्टीत पाचवीतली पोरं भेटायला आली. चूक नव्हती, त्यांना नुसतं भेटायचं होतं.

१२ जानेवारी, सोमवार

चूक सापडली. हुतात्म्यांवरच्या मजकुरात मुलांनी लिहिलं होतं की मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ ला 'सोलापुरात' फाशी दिली. मी तपासलं होतं. माझ्या नजरेतून सुटलं. इतिहासाची बाई!

सापडलं ते मामांना. सकाळी झाडताना वाचलं म्हणाले. "बाई, फाशी येरवड्याला दिली ओ. आमच्या आज्ज्यानं सांगितलंय." आज्ज्यावर न थांबता संपादकांनी पाठ्यपुस्तक आणि ग्रंथालयातली दोन पुस्तकं काढली. येरवडाच.

संपादकांपैकी एकाने दुरुस्ती खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिली. मी ती फाडली. चूक जेवढ्या अक्षरात, दुरुस्ती तेवढ्याच अक्षरात. तो कुरकुरला, जागा नाही म्हणाला. मग त्याच्याच कवितेवर चिकटवली.

दुरुस्तीखाली 'चूक दाखवणारे' म्हणून मामांचं नाव घालायचं ठरलं. विचारायला गेलो. मामा घंटेजवळ उभे होते.

"नको ओ," म्हणाले. "नुसतं शाळेचे मामा लिहा. एकदा झालं तेवढं बास."

तसंच लिहिलं. पुढचा अंक गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, सुट्ट्यांनंतर.